शहादा सापडला पाहिजे

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातल्या टेंभली गावाचे नाव देशाच्या संगणकीय इतिहासात पक्के नोंदले गेले आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक इथल्या रहिवाशांना मिळाले. त्या दिवशी टेंभलीचे नाव जगभरच्या बातम्यांच्या वेबपानांवर झळकले. आधारचा बारा आकडी क्रमांक माणसाला जन्मभर पुरतो. वेबपानाला मात्र आयुष्याची हमी नसते. २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती, असे अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आढळले. त्याच्या दहाएक वर्षे आधी हार्वर्डच्या अभ्यासकांनी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाची निकालपत्रे तपासली होती. त्यांत आधार म्हणून दिलेल्या दुव्यांपैकी जवळपास निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत पोहोचवतच नव्हते. निकाल आहे, पण ज्याच्या जोरावर तो दिला ते पान नाही!

छापील पुस्तकांसाठी आपल्याकडे कायदा आहे. १९५४ च्या कायद्यानुसार भारतात प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईसह आणखी तीन शहरांतल्या सार्वजनिक ग्रंथालयांत जमा करावी लागते. १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रेही त्यात आली. वेबपाने त्यात बसत नाहीत. जगाची वेबपाने साठवण्याचे सर्वांत मोठे काम सॅन फ्रान्सिस्कोची इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून करते आहे आणि तिचे वेबॅक मशीन २००१ पासून सर्वांना खुले आहे. पण ऑगस्ट २०१७ मध्ये चित्रपटांच्या चोरट्या प्रतींविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयाने दिलेल्या एका आदेशाच्या झपाट्यात हे संकेतस्थळही सापडले आणि भारतात काही काळ बंद झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे ते काही दिवस साऱ्या जगालाच बंद होते. तेव्हा आपल्या कामाचे पान आपल्या डिस्कवर असावे, यात वाद नाही. प्रश्न आहे तो कोणत्या फॉरमॅटमध्ये, आणि त्याचे उत्तर वाटते त्यापेक्षा बरेच गमतीदार आहे.

आधी पान म्हणजे काय ते पाहू. पडद्यावर एक दिसणारे पान प्रत्यक्षात एक नसते. सध्याचे सर्वसाधारण वेबपान उघडताना ब्राउझर सत्तरेक वेगवेगळ्या विनंत्या पाठवतो. मजकूर एका फाइलीत, सजावटीचे नियम दुसऱ्या, चित्रे, फॉन्ट, पान हलते ठेवणारी स्क्रिप्ट, जाहिराती, नकाशाचे चौकोनी तुकडे, असे सगळे निरनिराळ्या सर्व्हरांवरून येते आणि क्षणात जुळते. पान जपणे म्हणजे ही पांगलेली फौज एका जागी बांधून ठेवणे. बांधणी कशी करायची यावर गेल्या तीस वर्षांत माणसांनी बरेच डोके चालवले आहे.

संगणकावर क्रोममध्ये कंट्रोल आणि एस दाबले की तीन पर्याय पुढे येतात: फक्त एचटीएमएल, एकच फाइल, किंवा संपूर्ण पान. ‘फक्त एचटीएमएल’मध्ये मजकुराचा सांगाडा तेवढा येतो, चित्रे येत नाहीत. ‘संपूर्ण’ या शब्दाला भुलून बहुतेक लोक तिसरा पर्याय घेतात. त्यातून एक एचटीएमएल फाइल तयार होते आणि तिच्याच नावाचे, शेवटी ‘फाइल्स’ लावलेले एक फोल्डर. विंडोजला या दोघांचे नाते कळते. एक पुसले की दुसरेही पुसले जाते. पण व्हॉट्सॲपला हे नाते कळत नाही, आणि घाईत पेनड्राइव्हवर फाइल टाकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. फाइल जाते, फोल्डर मागे राहते, आणि पलीकडे उघडते ते चित्रांवाचूनचे, विस्कटलेले पान. शिवाय पानातली स्क्रिप्ट साठवलेल्या प्रतीतही जागी होते, आपला सर्व्हर शोधू लागते आणि तो न मिळाल्यावर कधी कधी छान उतरलेला मजकूरही पुसून कोरी चौकट दाखवते. एक गोष्ट मात्र या पर्यायात सुंदर आहे. फाइलीच्या अगदी वर ब्राउझर एक अदृश्य ओळ लिहून ठेवतो: हे पान अमुक पत्त्यावरून साठवले. त्या पत्त्यात किती अक्षरे आहेत तो आकडाही कंसात देतो.

इथपर्यंत भाषेचा प्रश्न आला नाही. इंग्रजीत लिहिलेले फॉरमॅटविषयक सल्ले इथेच थांबतात, आणि मराठी वाचकाची खरी अडचण इथून सुरू होते. फॉरमॅट निवडताना मी एकच परीक्षा घेतो. साठवलेल्या पानात काही वर्षांनी ‘शहादा’ असा शोध घेतला तर तो सापडतो का? नुसता दिसून भागत नाही, सापडला पाहिजे.

‘शहादा’ हा शब्द संगणकाच्या लेखी पाच चिन्हांचा आहे: श, ह, काना, द, काना. युनिकोडने प्रत्येक देवनागरी चिन्हाला एक कायमचा क्रमांक दिला आहे. वेबवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत असे एक चिन्ह तीन बाइट जागा घेते. म्हणजे शहादा झाला पंधरा बाइटचा. रोमन लिपीत हाच शब्द सात बाइटमध्ये मावतो. मराठी विकिपीडियाच्या पानाचा दुवा कुणी व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्याच्या खुणांची जी लांबलचक माळ येते, ती याच बाइटांची असते. एका बाइटला तीन खुणा, म्हणून एका शहाद्याला पंचेचाळीस.

पंधरा बाइट म्हणजे देवनागरी आहे, हे ब्राउझरला कुणीतरी सांगावे लागते. पुष्कळदा ही माहिती पानाच्या आत नसतेच. सर्व्हर पान पाठवताना बाहेरून, लखोट्यावर लिहावे तशी ती देतो. पान साठवताना ती गळाली, तर पुढे उघडताना ब्राउझर अंदाज बांधतो आणि शहाद्याच्या जागी टोप्या घातलेल्या युरोपीय अक्षरांची रांग उभी राहते. बाइट सगळे जागच्या जागी असतात, वाचण्याची किल्ली तेवढी हरवलेली असते.

युनिकोडच्या आधीच्या मराठी पानांवर तर याहून मोठी आफत आली. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली, त्यात देवनागरी होती, पण घरोघरच्या संगणकांना ती कळायला विंडोज २००० उजाडावे लागले. त्यातला मंगल हा फॉन्ट सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवला होता. तोवर, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, मराठी संकेतस्थळे आपापले फॉन्ट वापरत. त्या पानांत साठवलेली अक्षरे रोमनच असत. त्यांवर देवनागरी आकाराचे सोंग चढवायचे काम फॉन्ट करी. कृतिदेव हा फॉन्ट घ्या. त्यात शहादा लिहायचा तर वरचा स्वल्पविराम, के, जी, के, एन, के अशी बटणे दाबावी लागतात, आणि संगणकाच्या पोटात तेवढेच राहते. फॉन्ट असेल तोवर शहादा. फॉन्ट गेला की निरर्थक रोमन अक्षरे. वाचकाला फॉन्ट बसवण्याचा त्रास नको म्हणून काही संकेतस्थळे तो पानाबरोबरच पाठवत. इंटरनेट एक्सप्लोरर या जुन्या ब्राउझरला चालणाऱ्या त्या फॉन्ट-फाइली एखाद्या संकेतस्थळाच्या पत्त्यालाच बांधून ठेवता येत. साठवलेले पान घरच्या डिस्कवरून उघडले, की पत्ता बदललेला, म्हणून फॉन्ट काम करायला नकार देई. त्या काळात हौसेने साठवलेल्या मराठी पानांच्या सीडी अजून कुणाच्या कपाटात असतील, तर त्यांचा मजकूर फॉन्ट ओळखून युनिकोडमध्ये पालटून घ्यावा लागेल. तशी परिवर्तक साधने मिळतात. मात्र दर फॉन्टचा तक्ता निराळा असतो.

आता दुसरा पर्याय, ‘एकच फाइल’. हा सगळ्यांत नवलाचा. या फाइलीला एमएचटीएमएल म्हणतात, आणि ती मुळात एक ई-मेल असते! ई-मेलला चित्रे, ध्वनी आणि इतर फाइली जोडता याव्यात यासाठी नेथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये माइम नावाची पद्धत मांडली. आजही आपण मेलला सातबारा जोडतो तो तिच्याच आधाराने. वेबपान आणि त्याची चित्रे मेलमधून एकत्र कशी पाठवावीत, याचा नियम जेकब पाल्मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये लिहिला आणि १९९९ मध्ये सुधारला. त्याच वर्षी आलेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ ने पान साठवायला तोच नियम उचलला. म्हणून आजही क्रोमने साठवलेली अशी फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर वरती मेलसारखे रकाने दिसतात. प्रेषकाच्या जागी ‘ब्लिंकने साठवले’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते (ब्लिंक हे क्रोमच्या इंजिनाचे नाव), विषयाच्या जागी पानाचे शीर्षक, खाली तारीख आणि मूळ पत्ता. पुढे पानाचे भाग एकाखाली एक, मध्ये दुभाजक रेषा. साठवलेली बातमी म्हणजे कुणी कुणाला न पाठवलेले पत्रच.

मेलची ही पूर्वपीठिका देवनागरीला जरा जड जाते. जुन्या काळच्या मेलव्यवस्थेतून फक्त साधी रोमन अक्षरे सुखरूप जात. इतर प्रत्येक बाइट बरोबरचे चिन्ह आणि दोन खुणा अशा रूपात लिहावा लागे. एमएचटीएमएलने ही सवय जपली आहे. त्यामुळे आत ‘श’ हा ‘=ई०=ए४=बी६’ असा नऊ खुणांचा होतो आणि शहादा पुन्हा पंचेचाळीसवर पोहोचतो, वर ओळ मध्येच तुटते. फुगण्याची फिकीर करू नये, कारण एखादे साधे छायाचित्रही मराठी लेखाच्या कित्येक पट जागा खाते. चिंता शोधाची आहे. ब्राउझरमध्ये फाइल उघडून शोधले की शहादा लगेच मिळतो. पण शेकडो साठवलेल्या फाइलींतून, त्या न उघडता, साध्या मजकूर-शोधाने शहादा हुडकायला गेलात तर हाती काही लागत नाही. इंग्रजी लेखाची तीच फाइल मात्र नोटपॅडमध्येही वाचता येते. एकाच फॉरमॅटमध्ये इंग्रजी उघडी आणि मराठी कुलूपबंद, असा हा पंगतीतला दुजाभाव आहे.

तरीही एमएचटीएमएलला नाके मुरडू नयेत. अँड्रॉइड फोनवर क्रोममध्ये पान डाउनलोड करण्याची खूण असते. ही सोय २०१६ च्या अखेरीस आली, आणि ती दाबली की हीच फाइल तयार होते. क्रोम, एज, ऑपेरा यांत ती उघडते. फायरफॉक्स आणि सफारी तिला ओळखत नाहीत. आत स्क्रिप्ट चालत नसल्याने पान साठवताना जसे होते तसेच राहते. शहाद्याहून वर धडगाव किंवा तोरणमाळच्या वाटेला लागायचे असेल आणि पुढच्या पाड्यांवर नेटवर्क मिळेल याची खात्री नसेल, तर बसस्थानकावरच पपईवरच्या विषाणूरोगाची माहिती किंवा परीक्षेचे वेळापत्रक असे उतरवून घेणे सर्वांत झटपट. तात्पुरत्या कामाला याहून चांगले साधन नाही.

कायमच्या साठवणुकीसाठी माझे मत दुसरीकडे झुकते. एचटीएमएलच्याच फाइलीत चित्रे आणि फॉन्ट थेट शिवून टाकायचे, अशी एक युक्ती १९९८ पासून मान्य आहे. चित्राचे बाइट रोमन अक्षरांच्या रूपात लिहून ते पानाच्या मजकुरातच भरतात. तीन बाइटांचे चार होतात, म्हणजे चित्र एक तृतीयांशाने फुगते, पण वेगळे फोल्डर उरत नाही. फ्रेंच प्रोग्रॅमर गिल्दास लोर्मो यांनी या युक्तीवर ‘सिंगलफाइल’ हे विनामूल्य एक्स्टेन्शन बनवले. क्रोम, फायरफॉक्स, एज, सगळीकडे ते चालते. स्क्रिप्ट ते काढून टाकते, वापरलेल्या सजावटीचेच नियम ठेवते आणि फाइलीच्या माथ्यावर मूळ पत्ता व साठवल्याची वेळ नोंदवते. मुख्य म्हणजे मजकूर यूटीएफ-८ मध्ये उघडाच राहतो. पंधरा बाइटचा शहादा पंधराच बाइटचा. वीस वर्षांनी एकही ब्राउझर न उरला तरी नोटपॅडच्या तोडीचे काहीतरी असेलच, आणि त्यात तो सापडेल. अडचण एवढीच, की लांब पानावर खाली जाईपर्यंत न उतरणारी चित्रे कधी सुटतात. म्हणून साठवण्याआधी पान तळापर्यंत एकदा खाली सरकवून घ्यावे.

‘पीडीएफ करून ठेवली’ हे वाक्य आपल्याकडे इतके रुळले आहे की पीडीएफ म्हणजेच साठवण, असा समज झाला आहे. ॲडोबीने १९९३ मध्ये आणलेला हा फॉरमॅट २००८ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि छापायला त्याला तोड नाही. पण पीडीएफ मुळात अक्षरे साठवत नाही. कोणती आकृती कागदावर कुठे काढायची, हे ती साठवते. आकृतीमागचे अक्षर कोणते याचा तक्ता सोबत असला तर शोध चालतो. रोमन लिपीत एक आकृती म्हणजे एक अक्षर, त्यामुळे बहुधा निभावते. देवनागरीत जोडाक्षरांची एकच आकृती होते आणि ऱ्हस्व वेलांटी तर टंकली जाते व्यंजनानंतर, पण काढली जाते त्याच्या आधी. याचा परिणाम शहादा परिसरातल्या गावांच्या नावांवरच पाहता येतो. शहादा, तळोदा, धडगाव ही नावे साधी असल्याने बहुतेक पीडीएफमध्ये मिळतात. प्रकाशा हे नाव ‘प्र’पाशी अडखळते, अक्कलकुवा ‘क्क’पाशी, आणि शिरपूर तर वेलांटी पुढे जाऊन भलत्याच शब्दासारखे बसलेले सापडते, म्हणजे शोधणाऱ्याला सापडतच नाही. डोळ्यांना मात्र तिन्ही बिनचूक दिसतात. मराठी पीडीएफमधून मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवताना त्याची जी खिचडी होते, तिचे कारण हेच. दीर्घकाळ टिकावे म्हणून काढलेल्या पीडीएफ-ए या मानकात फॉन्ट फाइलीतच ठेवण्याची सक्ती आहे, आणि त्याच्या २०११ च्या भागात आकृती-अक्षरांच्या तक्त्याची सक्ती असलेली एक पातळीही आहे. ब्राउझरच्या छपाईच्या बटणातून येणारी पीडीएफ ही हमी देत नाही. शिवाय बाजारभावाचा रुंद तक्ता ए-४ कागदावर उजवीकडून कापला जातो. नेमका जास्तीत जास्त दराचाच रकाना जातो, असा अनुभव पुष्कळांना असेल.

एका जागी मात्र पीडीएफच हवी. ई-आधार किंवा डिजिटल सातबारा या पीडीएफ फाइलींत देणाऱ्या यंत्रणेची डिजिटल स्वाक्षरी असते. त्या फाइली जशा आल्या तशाच ठेवाव्यात. त्यांचा प्रिंट काढून पुन्हा स्कॅन केला, की चित्र उरते, स्वाक्षरी जाते. इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दलचा देशभर दाखला दिला जाणारा निकालही महाराष्ट्रातला आहे. जालना विधानसभा मतदारसंघातल्या २०१४ च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात वाद होता तो उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाले की नाही याचा, आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातले व्हिडिओ चित्रण. मूळ यंत्र समोर आणता येत नसेल तर त्यातून काढलेल्या प्रतीबरोबर प्रमाणपत्र हवेच, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाइलीचे हॅश मूल्यही लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलीच्या सगळ्या बाइटांवरून गणिताने काढलेला ठसा. एक काना बदलला तरी ठसा बदलतो. साठवलेले पान पुढे कधी वादात पुरावा म्हणून लागेल असे वाटत असेल, तर त्याच दिवशी हॅश काढून ठेवणे शहाणपणाचे. फोल्डरवाल्या ‘संपूर्ण’ पानाचा असा एकच ठसा निघत नाही. एका फाइलीच्या फॉरमॅटचा हा आणखी एक फायदा.

फॉरमॅट मरतातही. मोझिलाच्या ब्राउझरसाठी माफ नावाचा एक नेटका फॉरमॅट होता. पानाच्या सगळ्या फाइली एका झिपमध्ये, सोबत पत्ता आणि तारीख. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ आले, जुनी एक्स्टेन्शने बंद पडली आणि माफ पोरका झाला. पण त्याचे पोट साध्या झिपचे असल्याने शेवटचे अक्षर-शेपूट बदलून झिप केले की आतली पाने आजही निघतात. ॲपलच्या सफारीचा वेबआर्काइव्ह अजून चालू आहे, मात्र तो ॲपलच्या कुंपणाबाहेर जवळपास निरुपयोगी. या दोघांत मला मेलेला माफ बरा वाटतो.

आता ग्रंथालये काय वापरतात ते पाहू. त्यासाठी शहादा तालुक्यातच प्रकाशाला जावे लागेल. तापी आणि गोमाईच्या संगमावरचे हे तीर्थक्षेत्र दक्षिण काशी म्हणून ओळखले जाते. इथल्या पांढरीच्या टेकाडावर बी. के. थापर यांनी १९५४-५५ च्या सुमारास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणासाठी उत्खनन केले आणि ताम्रपाषाण काळापासून मध्ययुगापर्यंतचे वस्तीचे थर उघड झाले. खापराची किंमत ते कोणत्या थरात, किती खोलीवर मिळाले या नोंदीवर ठरते. नोंद नसलेले खापर म्हणजे नुसता मडक्याचा तुकडा. ग्रंथालये वापरतात तो वार्क हा फॉरमॅट उत्खननाच्या अशाच नोंदवहीच्या शिस्तीने चालतो. पान पडद्यावर कसे दिसले हे तो टिपत नाही. ब्राउझरने काय मागितले, सर्व्हरने कोणत्या क्षणी काय उत्तर दिले, लखोट्यावर काय लिहिले होते, हे सगळे तो जसेच्या तसे ठेवतो. म्हणून देवनागरी वाचण्याची ती हरवणारी किल्लीही त्यात टिकते. इंटरनेट आर्काइव्हने १९९६ मध्ये वापरायला घेतलेल्या आर्क फॉरमॅटमधून तो वाढला आणि २००९ मध्ये आयएसओ २८५०० या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झाला. एकच पान पुन्हा टिपताना काही बदललेले नसेल, तर ‘पूर्वीसारखेच’ एवढीच नोंद करून तो जागा वाचवतो.

तारखेची ही काटेकोर नोंद शहाद्याच्या बाबतीत किती मोलाची आहे पाहा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधी शहादा धुळे जिल्ह्यात आणि त्याहीआधी पश्चिम खानदेशात मोडत असे. ‘शहादा, जि. धुळे’ असे लिहिलेले पान समोर आले तर ते चुकीचे आहे, जुने आहे, की जुन्या कागदावरून आता उतरवलेले आहे? साठवल्याची वेळ आणि मूळ पत्ता सोबत नसेल तर सांगणे कठीण. आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंती, भूमुक्ती परिषद, १९७२ साली उभी राहिलेली श्रमिक संघटना, या भागातल्या आदिवासींच्या जमिनीच्या लढ्याबद्दल जे काही वेबवर विखुरलेले आहे, ते जमवणाऱ्या अभ्यासकाने सुटी पीडीएफ गोळा करण्यापेक्षा वार्कच धरावा, असे मी म्हणेन. पूर्वी हे काम आदेशांच्या ओळी लिहिणाऱ्यांचेच होते. डब्ल्यूगेट या जुन्या साधनाला २०१२ पासून वार्क लिहिता येतो. आता वेबरेकॉर्डर प्रकल्पाचे एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये चालू ठेवून नुसते वाचत गेले, तरी वाचलेले सारे नोंदले जाते. वाक्झ या नावाच्या त्याच्या नव्या फॉरमॅटमध्ये वार्क आणि त्याची सूची एका झिपमध्ये बसतात. उणीव एकच: फाइल दोनदा टिचकवून उघडत नाही, तिला तिचा वाचक लागतो.

एकेक पान सोडून अख्खे संकेतस्थळच न्यायचे असेल, तर झिम आहे. इमॅन्युएल एंगेलहार्ट आणि रेनो गोदँ यांनी २००७ मध्ये किविक्स हा प्रकल्प सुरू केला तो विकिपीडिया इंटरनेटविना वाचता यावा म्हणून. त्याची फाइल म्हणजे झिम. चित्रांसह इंग्रजी विकिपीडिया शंभर जीबीच्या घरात जातो. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया त्याच्या कितीतरी लहान आहे, साध्या मेमरी कार्डावर ऐसपैस मावतो. झिममध्ये मजकूर घट्ट दाबलेला असतो, तरी सोबत संपूर्ण शोधसूची असू शकते. म्हणजे शहादा टंकला की तो शब्द असलेली पाने क्षणात पुढे येतात, फोन विमान-मोडवर असला तरी. सातपुड्यातल्या एखाद्या आश्रमशाळेत रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आणि त्यावर किविक्स ठेवले, तर मुलांचे फोन किंवा टॅब त्याच्या वायफायला जोडले जातात आणि ज्ञानकोश वर्गात उघडतो. मोबाइलच्या मनोऱ्याची वाट पाहावी लागत नाही. झिमिट नावाच्या साधनाने इतर संकेतस्थळांचेही झिम करता येते. मात्र ती फाइल वाचण्यापुरतीच. एखाद्या पानात सुधारणा झाली तर सबंध फाइल नव्याने बांधावी लागते.

कोणताही फॉरमॅट घ्या, साठवल्यावर इंटरनेट बंद करून फाइल एकदा उघडावी. चालू इंटरनेटवर अर्धवट साठवलेले पानही पूर्ण दिसते, कारण उणे भाग ते गुपचूप बाहेरून आणते. नकाशे आणि चलचित्रे या परीक्षेत बहुतेक नापास होतात. ती वेगळी उतरवावी लागतात. मग शोधाची चौकट उघडून शहादा टंकावा, त्यापाठोपाठ शिरपूर, प्रकाशा आणि अक्कलकुवा. चारही मिळाले तर फाइलीला तारखेसह नाव द्यावे, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप काळानुसार लागते, आणि तिची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी.